पेण-रोह्याचा टँगो आणि अर्धा राहिलेला नाच

मी एका बाईला नाचाच्या मध्यात एकटीला उभं ठेवून पळून गेलो, आणि नंतर कोणी विचारलं तेव्हा खोट तिच्यात काढली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. प्रवासाच्या हकिगतीची सुरुवात अशी करणं शोभत नाही, पण पेणला मी पापड घ्यायला गेलो नव्हतो. म्हणून आधी हेच.

नाच म्हणजे टँगो. जोडीनं करायचा हा परदेशी नाच पुण्यात काही हौशी मंडळी शिकतात आणि अधूनमधून एखाद्या हॉलमध्ये जमतात. त्या जमण्याला मिलोंगा म्हणतात. चाळिशी उलटल्यावर मी हे शिकायला लागलो आणि घरी सांगितलं, फिरायला जातो. अगदीच खोटं नव्हतं. टँगो शिकवणारे पहिल्याच दिवशी सांगतात की हा नाच म्हणजे दुसऱ्याच्या सोबतीनं चालणं. मला तेवढा आधार पुरला, आणि बरीच वर्षं पुरला.

तिथले रिवाज सांगायला हवेत, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. मिलोंगात गाणी संचानं वाजतात. एका संचात तीनचार गाणी, त्याला तांदा म्हणतात. एकदा एखादीचा हात धरला की तांदा संपेपर्यंत सोडायचा नाही, आणि संपला की तिला तिच्या खुर्चीपर्यंत पोचवून यायचं. मध्येच सोडणं म्हणजे सगळ्यांदेखत सांगणं की हिच्याबरोबर नाचणं जमत नाही. बरेचदा बाया डोळे मिटून नाचतात. समोरचा सांभाळेल हा त्यात विश्वास असतो.

सुलभाताई पेणच्या. तिथल्या शाळेत गणित शिकवतात आणि तेव्हा शनिवारी पुण्याला यायच्या. काही वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी आमचं दुसरं गाणं चालू होतं. त्यांचे डोळे मिटलेले होते. माझे दाराकडे होते, आणि दारात माझे मेहुणे, बायकोचे भाऊ, उभे होते. खालच्या हॉटेलात जेवायला आले असावेत, गाणं ऐकून वर डोकावले. मी हात सोडला आणि स्वयंपाकघराच्या जिन्यानं खाली उतरलो. सुलभाताईंनी डोळे उघडले तेव्हा समोर कोणी नव्हतं. त्या दिवशी त्यांना पुन्हा कोणी बोलावलं नाही, असं मागाहून कळलं. पुढच्या वेळी लोकांनी मला विचारलं, काय झालं रे? मी म्हणालो, "त्यांचा तोल नीट राहत नव्हता." त्यानंतर त्या पुण्याला आल्याच नाहीत.

या पौषात कोणीतरी व्हॉट्सअॅपवर निरोप फिरवला. शनिवारी पेणजवळ हमरापूरला, रविवारी रोह्याजवळ वरशाला मिलोंगा. बोलावणाऱ्या सुलभाताई. मी येऊ का, असं विचारलं. उत्तर आलं, "सगळ्यांना खुलं आहे. बूट स्वतःचे आणावेत." घरी बायकोला, मंदाला सांगितलं, रोह्याला मित्राकडे पोपटी आहे. रविवारी नाचाआधी पोपटी, म्हणजे शेतात मडक्यात भाजलेलं जेवण, होतीच. माझं सगळं खोटं असं अर्धं खरं असतं.

माफी मागायची आणि तो तांदा पुरा करायचा, एवढं ठरवून निघालो.

हमरापूर, शनिवार

पेणहून रिक्षानं हमरापूरला गेलं की गणपती सुरू होतात. पडवीत, अंगणात, पत्र्याखाली, जिथे बघावं तिथे पांढऱ्याशुभ्र, न रंगवलेल्या मूर्ती. खाडीच्या अंगाला मिठागरांत मिठाच्या राशी. एकाच दिवसात इतका पांढरा रंग मी कधी पाहिला नव्हता. दूर डोलवीच्या पोलाद कारखान्याचा धूर तेवढा करडा.

मिलोंगा सुलभाताईंच्या पारूमावशींच्या मूर्तींच्या कारखान्यात होती. लांबलचक शेड, तिन्ही भिंतींना मांडण्या, मांडण्यांवर गणपती, मधली जमीन मोकळी केलेली. पुण्यात मिलोंगाच्या दारात पैसे घेऊन हातावर शिक्का मारतात. इथे दारात पारूमावशी बसल्या होत्या आणि बूट तपासत होत्या.

"उलटा कर," त्या म्हणाल्या.

मी बूट उलटा केला. त्यांनी तळव्यावरून अंगठा फिरवला. "रस्त्यावर घातला व्हतास?"

"नाही. फक्त नाचायचा आहे."

"मग आन आत. बाप्पाचं डोलं आजून काढलं नाय, पन वहान कुनाची कसली ती त्याला कलते."

मी लवकर पोचलो होतो म्हणून मला कामाला लावलं. मांडण्या सरकवायच्या, मूर्तींवर प्लास्टिक ओढायचं, जमीन झाडायची. झाडूनही प्लास्टरची भुकटी जमिनीवर राहतेच, आणि नाचाला ती बरी पडते, पाय छान वळतो. माझा जरा जास्तच वळला. मी सपाट आडवा झालो, काळी विजार पांढरी.

"पाया पडाचा हाय तर हात जोडून पड," पारूमावशी म्हणाल्या आणि मला उठवायला कोणी येणार नाही याची व्यवस्था केल्यासारख्या हसत राहिल्या.

नाचाआधी जेवण. पुण्यात मिलोंगाला जाताना आम्ही कांदा-लसूण टाळतो, खिशात बडीशेप ठेवतो. गाल गालाजवळ येतो, वास नको. इथे पानात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि लसूण घालून परतलेलं सुकट. मी सुकटाला हात लावेना.

"काय, खात नाय?"

"नाचायचं आहे ना मावशी. वास येईल."

"सगल्यांनी खाल्ला का कोनालाच वास नाय. खा मुकाट."

मी खाल्लं. या रिवाजावर इतका सरळ तोडगा मला कोणी सांगितला नव्हता.

टँगोत सगळ्या जोड्या हॉलभर एकाच दिशेनं फिरतात, प्रदक्षिणेच्या उलट. पुढच्या जोडीला ओलांडायचं नाही, मध्ये घुसायचं नाही, नाचताना बोलायचं नाही, दुसऱ्याला शिकवायचं तर नाहीच. गणपतींच्या कारखान्यात ही उलटी फेरी कशी खपली, असं मी पारूमावशींना विचारलं.

"पयल्या दिवशी मी बोलले, सुले, ह्यो काय उलटा फेरा? तर ती बोलते, मावशे, बाप्पा मधी कुठं हाय? तो तर भिताडाला बसलाय. मधी कोनच नाय. मग म्हटला फिरा." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पुन्याचा ना तू? आमच्या सुलूला पुन्याला कोन मेला मधीच टाकून पलाला. तुला म्हाईत असल तो."

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. "ऐकलंय," मी म्हणालो.

तेवढंच. सांगायला म्हणून शंभर-सव्वाशे किलोमीटर आलेला माणूस पहिल्या प्रश्नाला "ऐकलंय" म्हणतो.

माणसं जमली. पेणच्या शाळेतल्या एकदोघी, अलिबागचं एक जोडपं, वरशाच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, डोलवीच्या कंपनीत क्रेन चालवणारा प्रकाश म्हणून तिशीतला एक जण, आणि आणखी काही. सुलभाताई आल्या, सगळ्यांना नमस्कार केला, त्यात मलाही केला. केस पांढरे झालेत. समोरच्या भिंतीपाशी खुर्चीवर जाऊन बसल्या.

आता त्यांना नाचायला बोलवायचं कसं? टँगोत बोलावणं नजरेनं असतं. आपण आपल्या जागेवरून पाहायचं. समोरचीनं पाहिलं आणि मान हलवली तर उठायचं. तिनं दुसरीकडे पाहिलं तर विषय संपला. कोणी नकार दिला नाही, कोणाला नकार मिळाला नाही. लग्नाच्या वाटाघाटीत आपल्याकडे मध्यस्थ जे काम करतो ते इथे डोळे करतात.

मी पाहत राहिलो. त्या प्रकाशबरोबर नाचल्या, अलिबागच्या गृहस्थांबरोबर नाचल्या. माझ्याकडे त्यांची नजर वळली नाही. ती टाळत होती असंही नाही. भिंतीवरून फिरावी तशी माझ्यावरून जात होती. दोन तांद्यांच्या मध्ये वेगळंच काही वाजवतात, माणसं जागेवर जातात. तशात मला राहवेना. मी उठलो आणि सरळ त्यांच्या खुर्चीच्या दिशेनं चालू लागलो.

प्रकाशनं वाटेतच माझं कोपर धरलं.

"काका, चालत नाय जायचं."

"मला माहीत आहे. मला फक्त बोलायचंय."

"तेच. तुम्ही पुढ्यात जाऊन उभं राहिलात की ताईंना तोंडानं 'नाय' बोलायला लागल. एवढ्या लोकांत. ते कशाला करायला लावता?"

मी जागेवर येऊन बसलो. नियम मला नुसता पाठ होता, तो कशासाठी आहे ते त्याला कळलं होतं. पण माझं ओझं मला इतकं मोठं वाटत होतं की ते उतरवायला त्यांच्या खुर्चीपर्यंत जाणं मी माझा हक्क समजलो होतो. त्या दिवशी मी कोणाशीच नाचलो नाही.

डोलवी, रविवारची सकाळ

पेणला परतायला रिक्षा मिळेना म्हणून प्रकाश मला मोटरसायकलवर डोलवीला आपल्या घरी घेऊन गेला. सकाळी त्याच्या आईनं चहा आणि तांदळाची घावणं पुढे ठेवली आणि मुलाबद्दल तक्रार सुरू केली.

"बाप्या असून फुगडी घालतो हा. ती पन इंग्लिश."

"आई, इंग्लिश नाय ती."

"मग काय आपली हाय?" त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी पन त्यातलंच?"

"व्हय," मी म्हणालो. माझ्या तोंडात हा शब्द कुठून आला कोणास ठाऊक. पण मी नाचतो हे एखाद्या घरात, सकाळच्या उजेडात, कोणाच्या आईला सांगण्याची माझी ती पहिली वेळ.

"दिसत नाय तसं," त्या म्हणाल्या आणि आणखी एक घावण वाढलं.

बाहेर कारखान्याकडे शिफ्टची माणसं निघाली होती. दोघांनी जाता जाता प्रकाशकडे बघून कमरेवर हात ठेवून गिरकी घेतली. प्रकाशनं त्यांना हात केला.

"रोज चिडवतात?" मी विचारलं.

"सुरुवातीला लय. मी सांगूनच टाकलं होतं सगळ्यांना. मग त्यांनाच कंटाळा आला. आता सवयीनं करतात." त्यानं बशी पुसली. "तुम्हाला नाय चिडवत?"

मी म्हणालो, नाही. का नाही ते सांगितलं नाही. पण घावण खाताना मी ठरवलं की आज सुलभाताईंशी बोलायचं, आणि त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन नाही.

रोहा आणि वरसे

रोह्यात उतरलं की पोह्यांच्या गिरण्यांचा भाजका वास येतो. कुंडलिकेच्या पुलावर थोडा वेळ थांबलो. थंडीत पाणी संथ असतं आणि कपडे धुणाऱ्या बायकांची बोलणी वरपर्यंत ऐकू येतात. वरशात नव्या इमारती पुष्कळ उठल्या आहेत, पण त्यांच्या मागे अजून वालाची शेतं आहेत. अशाच एका शेतात डॉक्टरीणबाईंनी दुपारनंतर पोपटी मांडली होती. नाच संध्याकाळी, त्यांच्या दवाखान्याच्या माडीवर.

पोपटी न खाल्लेल्यांसाठी: मातीच्या मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावतात. त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा, कोणी मसाला लावलेली कोंबडी. तोंडाला पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं ठेवतात आणि भोवती पेंढा-लाकडं पेटवतात. पाण्याचा थेंब अजिबात नाही. झाली का ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र आवाज झाला की उतरवायचं. पारूमावशी हमरापूरहून आल्या होत्या. नाच चुकला असता तर चालला असता, पोपटी नाही.

मडकं कागदावर रिकामं झालं आणि सगळे भोवती बसले. नाचाचे रिवाज नाचाच्या जमिनीवर. पोपटीपाशी माणूस माणसाला हातानं देतो. सुलभाताई माझ्या समोर आल्या. त्यांनी शेंगांची मूठ माझ्यापुढे धरली.

"घ्या. गरम आहेत."

मी घेतल्या. "सुलभाताई, मला तुमची माफी मागायची आहे."

"कशाची?"

"त्या दिवशी मध्येच सोडून गेलो, त्याची."

त्यांनी एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले. "एवढीच?"

बाकीच्यांचं बोलणं थांबलं होतं. प्रकाश होता, डॉक्टरीणबाई होत्या, पारूमावशी अंडं सोलत होत्या. मी म्हणालो, "नाही. नंतर लोकांनी विचारलं तेव्हा तुमचा तोल नीट नव्हता असं मी सांगितलं. ते खोटं होतं. तुमचा तोल माझ्यापेक्षा चांगला होता."

"कळलं होतं ते मला," त्या म्हणाल्या. "पुण्याच्या एकीनं काळजीनं कळवलं, तोलाचे व्यायाम कर म्हणून. मी घरात रोज एका पायावर उभी राहून बघायचे. खरंच जातो का तोल. भाजी शिजेपर्यंत उभी राहायचे. जायचा नाही. तरी पुन्हा बघायचे."

पारूमावशींनी अंडं खाली ठेवलं. "ह्योच तो?"

"हाच, मावशे."

"आन काल माझं सुकट खाऊन 'ऐकलंय' बोलला." त्यांनी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"का गेलात?" सुलभाताईंनी विचारलं.

"माझे मेहुणे दारात होते. घरी माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे?"

"नाही. पोपटीला जातो म्हणून सांगून आलोय."

"खोटा नाय बोलला," पारूमावशी म्हणाल्या. "खातोच हाय."

सगळे हसले, सुलभाताईसुद्धा. मलाही क्षणभर वाटलं, झालं, सुटलो. धीर करून म्हणालो, "आज संध्याकाळी तो तांदा पुरा करता आला तर..."

"माफी घेतली मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "नाच नाही. राग म्हणून नाही म्हणत. मी डोळे मिटून नाचते. तुमच्या घरी माहीत नाही तोवर तुमचं लक्ष दाराकडे. आज जिन्यावर कोणी ओळखीचं आलं, की मी पुन्हा तिथेच उभी. गणितच आहे ते."

 शेंगा गार होत होत्या. "खा रं," पारूमावशी म्हणाल्या, "पोपटीवर राग काढू नको."

संध्याकाळी मी माडीवर गेलो. निघून जावंसं वाटत होतं, पण निघून जाणं माझ्याकडून पुष्कळ झालं होतं. दिवे लागले, गाणी सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी उठलो आणि पूर्ण तांदा नाचलो. पहिल्या गाण्यातच मला माझी मान सापडली. ती प्रत्येक वळणाला जिन्याच्या तोंडाकडे वळत होती. कोणी येणार नव्हतं. रोह्यात मला ओळखतो कोण? तरी वळत होती. म्हणजे इतकी वर्षं ज्या ज्या बाईशी मी नाचलो तिला अर्धाच मिळालो होतो. डॉक्टरीणबाईंना खुर्चीपर्यंत पोचवलं. पलीकडून सुलभाताई डोळे मिटून प्रकाशबरोबर गेल्या. प्रकाशचं लक्ष कुठेच नव्हतं, फक्त पुढच्या जोडीच्या पाठीवर.

पुणे

घरी आलो तेव्हा मंदा टेबलापाशी होती. रोह्याहून आणलेल्या वालाच्या शेंगा मी पुढ्यात ठेवल्या, तिनं सोलायला घेतल्या. बूट काढायला आत गेलो तर बाहेर येणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून बुटासकट बसलो आणि सांगितलं. नाच, फिरायला जाणं, मेहुणे, जिना, तोल, पोपटी, सगळं.

ती सोलत राहिली.

"म्हणजे फिरायला जात नव्हतात तुम्ही."

"नाही."

"ओट्यापाशी चहा उकळेपर्यंत तुम्ही एका पायावर उभे राहून दुसरा फिरवत असता. मला वाटायचं गुडघा धरलाय, सांगत नाहीत. मी तेल आणून ठेवलंय. विचारीन विचारीन म्हणत राहिले."

मी एक शेंग घेऊन सोलायला लागलो, तर तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"त्या बाईंना तशाच उभ्या ठेवल्यात?"

"हो."

"दादाला बघून?"

"हो."

"दादा काय खाणार होता तुम्हाला? हसला असता दोन दिवस."  दाणे एका वाटीत, सालं एका ताटात. "मला राग नाचाचा नाहीये. तुम्ही रोज खरं थोडंसंच देत होतात आणि मी तेवढ्यात भागवत होते, त्याचा आहे. तो लगेच नाही जायचा."

"बरं."

"बरं काय? त्या बाईंची माफी शेतात मागितलीत, चार लोकांत, तिकडे. खोटं कुठे बोलला होतात?"

"इथे. हॉलमध्ये."

"मग?"

ती वाटी घेऊन आत गेली. दाणे धुतल्याचा आवाज आला. त्या दिवशी आमचं आणखी बोलणं झालं नाही. नंतर झालं, पण तोडकंच होतं, आणि अजून तसंच आहे. दादांना मी फोन करून सांगितलं. ते हसले. दोन दिवसांपेक्षा जास्त हसतील असं दिसतंय.

एक उरलंय. पुण्याच्या त्या हॉलमध्ये, ज्या लोकांना मी सांगितलं होतं त्याच लोकांसमोर, गाणी थांबलेली असताना उभं राहून बोलायचं आहे: सुलभाताईंचा तोल नीट होता, पळालो मी, आणि नंतर खोटं बोललो. इथे लिहून ते फिटत नाही. ते लोक हे वाचणार नाहीत. पुढची मिलोंगा येत्या शनिवारी आहे. मंदा येणार का ते तिनं सांगितलेलं नाही, मी विचारलेलंही नाही. मी जाणार आहे. एवढं माझं देणं आहे.